स्वस्त सीडी-डीव्हीडी प्लेअरचा आवाज घरच्या घरी कसा पारखावा

दिवाळीच्या आधी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात मी दोन प्लेअर एकापाठोपाठ ऐकले. दुकानदाराने स्वस्त प्लेअरवर एक भजन लावले, अर्ध्या मिनिटाने तीच सीडी काढून महागाच्या प्लेअरमध्ये घातली आणि विचारले, "साहेब, फरक कळतोय का?" फरक कळत होता. दुसऱ्याचा आवाज भरदार होता, टाळ मोकळे वाजत होते, गळा जवळ आल्यासारखा वाटत होता. मी तोच घेतला. पुढे मेहुण्याने त्याच दुकानातून तो स्वस्त प्लेअर घेतला आणि एका रविवारी आम्ही दोन्ही यंत्रे एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडून मल्टिमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजायचा मीटर, लावला. माझ्या प्लेअरचा सिग्नल त्याच्यापेक्षा सव्वापट होता, म्हणजे आवाजाच्या मापात जवळजवळ २ डेसिबलने मोठा. बटण फिरवून दोन्हींची पातळी सारखी केली आणि तो भरदारपणा, तो मोकळेपणा, ते गळ्याचे जवळ येणे, सगळे नाहीसे झाले.

दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही, कारण किंचित मोठा आवाज आपल्या कानाला मोठा न वाटता चांगला वाटतो, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसावे. मात्र तेव्हापासून घरी कोणताही प्लेअर आला की मी ठरावीक क्रमाने त्याची परीक्षा घेतो. तोच क्रम येथे मांडला आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक बरा मल्टिमीटर, दोन-तीन कोऱ्या सीडी, काळे परमनंट मार्कर आणि घरातले एखादे हौशी माणूस एवढ्यावर काम भागते.

आधी हे समजून घ्यावे की स्वस्त प्लेअरमध्ये नेमके काय बिघडू शकते. ऑडिओ सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हापासून तिच्यावरची माहिती एकाच साच्यातली आहे. प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हे आकडे महाग यंत्रासाठी वेगळे आणि स्वस्त यंत्रासाठी वेगळे नसतात. त्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी चिप आज साध्या प्लेअरमध्येही पुरेशी चांगली असते. स्वस्ताई दिसते ती सीडी फिरवणाऱ्या आणि वाचणाऱ्या यांत्रिक भागात, वीजपुरवठ्यात, सिग्नल बाहेर देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात आणि मेनूमध्ये कोंबलेल्या नसत्या सोयींमध्ये. म्हणून आधी यंत्र तपासावे आणि गाणे त्यानंतर ऐकावे.

वेळ आणि खोली

सोलापुरात शांत वेळ शोधणे हेच पहिले काम आहे. साखर पेठ किंवा अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्यांना यंत्रमागाची खटखट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती चालू आहे हेही लक्षात येत नाही, पण तानपुऱ्याचा मंद झणकार तिच्याखाली पार बुडतो. जवळचे माग ज्या दिवशी बंद असतात तो दिवस धरावा, नाहीतर पहाट गाठावी. नळाला पाणी येण्याची वेळ मात्र टाळावी, कारण तेव्हा गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. पंखा बंदच हवा. मे महिन्यात ही अट जाचक आहे, हे मान्य. तेव्हा परीक्षा पंधरा-पंधरा मिनिटांची ठेवावी आणि घामाच्या धारा लागलेल्या असताना कोणताही निष्कर्ष काढू नये.

शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा किंवा स्लॅब अशी खोली असेल तर मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर 'टर्रर्र' असा शेपटासारखा आवाज आला तर स, श, च हे वर्ण कोणत्याही प्लेअरवर टोचतील आणि दोष विनाकारण यंत्राला लागेल. यावरचा उपाय आपल्या गावात घरोघरी घडी करून ठेवलेला असतो. फरशीवर सतरंजी अंथरावी, त्यावर एक जाड सोलापुरी चादर टाकावी आणि दुसरी चादर दुहेरी करून स्पीकरसमोरच्या भिंतीवर, भिंतीपासून चार बोटे पुढे राहील अशी दोरीवर टांगावी. भिंतीला चिकटवलेल्या चादरीपेक्षा अशी पुढे टांगलेली चादर अधिक आवाज शोषते. खर्जाच्या घुमण्यावर मात्र चादरीचा उपयोग होत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावेत आणि स्वतःही भिंतीला पाठ टेकून बसू नये. दोन स्पीकरमध्ये जितके अंतर असेल साधारण तितक्याच अंतरावर समोर बसावे, आणि परीक्षा संपेपर्यंत जागा बदलू नये.

जोडणी आणि मेनू

लाल आणि पांढऱ्या पिना म्हणजे उजवी आणि डावी बाजू. पिवळी पिन चित्राची असते, ती अ‍ॅम्प्लिफायरला लावली तर नुसता भुणभुणाट ऐकू येतो. काही प्लेअरना नारिंगी रंगाचा आणखी एक तसाच दिसणारा जॅक असतो, तो डिजिटल असतो. साध्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला तो लावल्यास खरखर येते किंवा काहीच येत नाही. हा डिजिटल जॅक वेगळ्या कन्व्हर्टरला, म्हणजे आकड्यांचे विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या स्वतंत्र यंत्राला, जोडला असेल तर आपण प्लेअरचा नव्हे, त्या कन्व्हर्टरचा आवाज ऐकत असतो, एवढे लक्षात ठेवावे.

त्यानंतर प्लेअर टीव्हीला जोडून त्याचा मेनू एकदा संपूर्ण वाचावा. माझ्या अनुभवात स्वस्त डीव्हीडी प्लेअरच्या 'वाईट आवाजा'च्या निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. रॉक, पॉप, क्लासिक अशी नावे असलेले इक्वलायझर बंद करावे, सराउंड किंवा थ्रीडी बंद करावे, डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर, कमी करणारी सोय बंद करावी. कराओकेची सोय तर आवर्जून पाहावी. माइकचा जॅक रिकामा असला तरी माइकचा आवाज चढवून ठेवलेला असेल तर सगळ्या गाण्यावर बारीक सुस्कारा राहतो, आणि एको चालू असेल तर गायक विहिरीत उतरल्यासारखा वाटतो. रिमोटवर आवाजाचे बटण असल्यास ते पूर्ण चढवावे आणि कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरून करावे. पूर्ण चढवल्यावर तार स्वर फाटत असेल तर दोन पायऱ्या खाली आणावे. ऐकण्याची चाचणी एमपी३ भरलेल्या सीडीवर करू नये, कारण त्या फाइली तयार होतानाच त्यांतला काही भाग गळालेला असतो.

यंत्राची परीक्षा

या टप्प्याला वेळ द्यावा. सीडीचे वाचन आतून बाहेर होते. सुरुवातीला ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत २०० फेऱ्यांपर्यंत मंदावते. सीडी किंचित वाकडी असेल किंवा फिरवणारी चकती डगमगत असेल तर त्याचा त्रास बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त होतो. दुकानात मात्र नेहमी पहिलेच गाणे ऐकवले जाते. म्हणून ७० मिनिटांहून मोठी सीडी घ्यावी आणि तिचे शेवटचे गाणे पूर्ण ऐकावे. नंतर पहिल्या गाण्यावरून शेवटच्यावर आणि पुन्हा पहिल्यावर अशा पाच-सहा उड्या माराव्यात. गाणे दोन-तीन सेकंदांत लागले पाहिजे, आणि आतून कर्रकर्र असा आवाज येता कामा नये. हीच परीक्षा घरी कॉपी केलेल्या सीडीवर पुन्हा घ्यावी. तिच्यावरून प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी परावर्तित होतो आणि कमकुवत लेन्स तेथे लगेच उघडी पडते.

आता मार्करचे काम. निकामी झाली तरी चालेल अशी एक कॉपी घ्यावी आणि तिच्या चकचकीत बाजूवर आतल्या गोलापासून बाहेरच्या कडेपर्यंत पट्टीने सरळ काळी रेघ ओढावी, सुमारे १ मिलिमीटर रुंद. त्या रेघेखालची माहिती प्रत्येक फेऱ्याला हरवते. सीडीवरची माहिती मुद्दाम पांगवून लिहिलेली असते आणि तिच्यासोबत दुरुस्तीचे आकडेही असतात, त्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर ट्रॅक, म्हणजे माहिती लिहिलेली गोल फिरत जाणारी रेषा, सलग गेला तरी तत्त्वतः ती जशीच्या तशी परत उभी करता येते. १ मिलिमीटरची रेघ कोणत्याही धड प्लेअरने काही घडलेच नाही अशा थाटात पचवावी. मग रेघ दीड आणि दोन मिलिमीटर करत न्यावी आणि कोठे टिकटिक सुरू होते किंवा सीडी अडकते ते टिपून ठेवावे. कागदाचा किंवा चिकटपट्टीचा तुकडा मात्र सीडीवर कधीही चिकटवू नये. तो सुटून आत अडकला तर लेन्सलाच मुकावे लागते.

याच टप्प्यावर एक गैरसमज दूर करायला हवा. सीडीवर ओरखडे असले की आवाज 'मंद' किंवा 'बसका' होतो, असे अनेक जण सांगतात. दुरुस्ती यशस्वी झाली तर आवाजात काहीही फरक पडत नाही. ती फसली तर प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून मधला नमुना अंदाजाने भरतो, आणि तेही जमले नाही तर क्षणभर गप्प होतो किंवा उडी मारतो. म्हणजे दोष टिकटिक, खंड आणि अडकणे या रूपांत कळतो. आवाज सतत बसका वाटत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे. सीडी पुसताना मात्र मध्यातून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो. छापील बाजूही जपावी. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते, पण वरच्या बाजूला चंदेरी थर लाखेच्या पातळ लेपाखाली जवळजवळ उघडाच असतो.

लाइव्ह मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक असतात, पण गायन मध्ये थांबलेले नसते. अशी सीडी लावून तो सांधा ऐकावा. बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेअर तेथे अर्ध्या सेकंदाची शांतता घुसवतात आणि समेवर येता येता तबला तुटतो. हा दोष कोणत्याही सेटिंगने जात नाही. शास्त्रीय संगीत किंवा कीर्तन ऐकणाऱ्याने या एका कारणावरून प्लेअर नाकारला तरी ते योग्यच ठरेल. एकेक सुटे गाणे ऐकणाऱ्याला तो कदाचित कधी जाणवणारही नाही.

शांततेत काय ऐकू येते

गाणे पॉज करावे, अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज नेहमीपेक्षा थोडा चढवावा आणि स्पीकरला कान लावावा. हलका सुस्कारा क्षम्य आहे. जाडसर घूंऽऽ असा हमिंगचा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा किंवा त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. लगेच प्लेअरला दोष देऊ नये. प्रथम टीव्हीला येणारी केबलची किंवा डिशची वायर काढून पाहावी. अनेक घरांत हमिंग त्या वायरीच्या अर्थिंगमधून शिरते आणि ती काढताच थांबते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ही परीक्षा करू नये, कारण चौकोनी लहर देणाऱ्या इन्व्हर्टरवर चांगले यंत्रही भुणभुणते. हे सर्व करूनही हमिंग राहिली आणि प्लेअरची पिन काढताच गेली, तर मात्र दोष प्लेअरच्या वीजपुरवठ्यात आहे. पॉज केल्यावर काही प्लेअर बाहेर जाणारा सिग्नलच तोडतात, म्हणून एखाद्या गाण्याचा हळूहळू विरत जाणारा शेवटही याच पद्धतीने ऐकावा. तेथे खरखर लपत नाही. मात्र पुढचे गाणे सुरू होण्याआधी आवाज उतरवावा, नाहीतर स्पीकर आणि कान दोन्ही दुखावतील.

पातळी सारखी करणे

दोन प्लेअरची तुलना करायची असेल तर ही पायरी टाळून पुढचे काहीही करण्यात अर्थ नाही. सीडी प्लेअरने सर्वांत मोठ्या सिग्नलला २ व्होल्ट द्यावेत असा प्रघात आहे, पण काही स्वस्त यंत्रे कमी देतात आणि काही जास्त. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ४०० हर्ट्झचा दोन मिनिटांचा एकसुरी स्वर तयार करून ऑडिओ सीडी बनवावी. याहून उंच स्वर घेऊ नये, कारण साध्या मल्टिमीटरचे एसी मापन घरगुती विजेच्या ५० हर्ट्झसाठी केलेले असते आणि उंच स्वरांवर ते चुकते. बाजारातल्या अगदी स्वस्त मल्टिमीटरवर एसीची सर्वांत लहान रेंज २०० व्होल्टची असते. तो येथे निरुपयोगी आहे, २ किंवा २० व्होल्टची रेंज असलेलाच घ्यावा.

स्वर लावून स्पीकरच्या दोन टोकांवर मीटर धरावा आणि पहिल्या प्लेअरवर, समजा, १.०० व्होल्ट येईल एवढा आवाज ठेवावा. बटणाच्या कडेला कागदी पट्टी चिकटवून तेथे पेन्सिलीने खूण करावी. मग दुसऱ्या प्लेअरवर स्वर लावून पुन्हा १.०० येईपर्यंत बटण फिरवावे आणि दुसरी खूण करावी. एका टक्क्याचा फरक राहिला तरी तो ०.१ डेसिबलच्या आत असतो आणि चालतो. १ डेसिबल राहू दिला, म्हणजे सुमारे १२ टक्के, तर परीक्षा दुकानातल्यासारखीच होईल. डावी आणि उजवी बाजूही याच वेळी मोजून घ्यावी. एकाच प्लेअरच्या दोन बाजूंत ठळक तफावत दिसली तर पिना उलटसुलट करून पाहावे. तफावत पिनांबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर ती प्लेअरची, जागेवरच राहिली तर अ‍ॅम्प्लिफायरची.

काय लावावे, काय ऐकावे

स्वतःच्या ओळखीचे लावावे. प्रत्येक वेळी तोच तीस सेकंदांचा तुकडा, आणि दोन्ही प्लेअरमध्ये एकाच सीडीच्या दोन सारख्या प्रती. बाजारातल्या दोन वेगळ्या आवृत्त्या चालणार नाहीत, कारण नव्या आवृत्तीत मूळ ध्वनिमुद्रणच अनेकदा मोठे करून भरलेले असते.

तानपुऱ्यासह एकल गायन सर्वांत उपयोगी पडते. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर. लहान स्पीकर तो मूळ स्वर धड देत नाही, म्हणून खर्ज ऐकू येत नाही ही तक्रार प्लेअरच्या नावावर लिहू नये. ऐकायची ती जवारी. तार छेडल्यानंतर तिच्यातून एकामागून एक उलगडत जाणारे बारीक स्वर गायक गात असतानाही मागे सुटे ऐकू येतात का, की नुसती गुणगुण राहते, हे पाहावे. तबल्यात बायाची घुमक दाबत वर नेली जाते तेव्हा ती एका रेषेत चढली पाहिजे. टाळ-मृदंगाच्या गजरात टाळ म्हणजे पत्रा वाजल्यासारखे वाटतात की प्रत्येक ठोक्यानंतर झणकार विरत जातो, याकडे लक्ष द्यावे. गर्दीच्या जागी आवाज चिरका होत असेल तर तो प्लेअरच्या शेवटच्या टप्प्याचा दोष असू शकतो.

१९५०च्या दशकातली चित्रपटगीते बहुतांश मोनो आहेत. त्यांतला गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला पाहिजे. तो पसरट, कोठूनच न येणारा वाटला तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलेली आहे. प्लेअर बदलण्याआधी ती बदलावी.

न बघता ऐकणे

आता घरातल्या माणसाची गरज लागते. माझ्याकडे हे काम भाचीने केले. मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसलो. प्रत्येक वेळी ती नाणे उडवून छाप-काट्याप्रमाणे प्लेअर निवडायची, बटण त्या प्लेअरच्या खुणेवर आणायची, तुकडा वाजवायची आणि कॅलेंडरच्या पाठीमागे आपली नोंद करायची. मी माझे उत्तर वेगळ्या कागदावर लिहायचो. बटण फिरवल्याचा आवाज येऊ नये म्हणून प्रत्येक वेळी, प्लेअर तोच राहिला तरी, ती बटण शून्यावर नेऊन परत आणायची. सुरुवातीला मला अशी काळजी अनावश्यक वाटली होती, पण बटण किती वेळ फिरले यावरून मी उत्तर ओळखतो आहे हे तिच्याच लक्षात आले.

दहा वेळा हे करावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी पाच उत्तरे बरोबर येतात, आणि नशिबाने सात-आठही येऊ शकतात. नऊ किंवा दहा बरोबर आली तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता जेमतेम १ टक्का असते. तेव्हा फरक खरा मानावा. पातळी सारखी न करता मी केलेल्या पहिल्या फेरीत माझी दहाच्या दहा उत्तरे बरोबर होती. खुणा केल्यानंतरच्या फेरीत सहा. सातव्या वेळी मी छातीठोकपणे "हा माझा" म्हणालो तेव्हा भाची हसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही अंदाजच लावताय." वाजत होता तो मेहुण्याचा.

या फेरीत फरक कळला नाही तर आवाजाच्या नावाखाली जास्त पैसे मोजू नयेत आणि निवड आधीच्या नोंदींवरून करावी: शेवटचे गाणे, मार्करची रेघ, दोन ट्रॅकमधला सांधा, हमिंग. फरक कळला तर कोणता आवडतो हे ठरवण्यासाठी दोन्ही प्लेअर आठ-आठ दिवस आलटून पालटून घरात वाजवावेत, कारण तीस सेकंदांत चमकदार वाटलेला आवाज तासाभराने डोके उठवू शकतो. दुकानातून वस्तू परत घेण्याची मुदत किती आहे, हे बिल करतानाच विचारून ठेवावे.

आमच्या दोन यंत्रांचा निकाल असा लागला. माझा महागाचा प्लेअर दीड मिलिमीटरच्या रेघेवर अडखळला आणि विलंबित-द्रुतच्या सांध्यावर दर वेळी अर्धा सेकंद गप्प बसला. मेहुण्याच्या प्लेअरने २ मिलिमीटरपर्यंत चूं केले नाही आणि सांधाही सलग वाजवला. त्यामुळे लाइव्ह मैफिलीची सीडी ऐकायची असली की मी ती पिशवीत घालून जुळे सोलापूरला मेहुण्याच्या घरी जातो.